कात्रीची दोरी

जुलेखाबीच्या शिवणाच्या दुकानात पाच कात्र्या होत्या आणि पाचही बांधलेल्या. वासरं बांधावीत तशा. कापड बेतायच्या मोठ्या टेबलाच्या पायाला एकेक दोरी, दोरीचं दुसरं टोक कात्रीच्या कडीत. दोरी दोन हात लांब. टेबलावर कापायला तेवढी पुरायची, पण कुणी कात्री घेऊन दाराकडे निघालं की मधेच हिसका बसायचा. नवी पोरगी शिकायला आली की पहिल्या दिवशी हा हिसका खायचीच. मग तोंड वाकडं करून समोर माझ्या गिरणीत यायची आणि म्हणायची, "मावशी, तुमची ती आपा आम्हाला चोर समजती का?"

मी म्हणायचे, "तुम्हालाच न्हाई बाई, सगळ्या अहमदपूरला समजती."

खरंच होतं ते. स्टँडकडून बाजाराकडे जो रस्ता येतो त्याच्या एका अंगाला माझी पिठाची गिरणी आणि दुसऱ्या अंगाला तिचं दुकान. मधे बारा पावलांचा रस्ता, आणि तिच्या पायरीपासून चार पावलांवर लायटीचा खांब. तीस वर्षं आम्ही एकमेकींची तोंडं बघत बसलो. आता तिथं मोबाईलचं दुकान झालंय. त्या काचा, ते दिवे बघितले की मला उगीच त्या दुकानदाराचा शक येतो. त्या गरिबानं माझं काय केलंय? काही न्हाई. सवय लागली ती जुलेखाबीमुळं.

ती दळण आणायची तेव्हा डब्याच्या आतल्या अंगाला शिंप्याच्या निळ्या खडूनं रेघ ओढून आणायची. ज्वारी इथपर्यंत असली की पीठ कुठपर्यंत यायला पाहिजे, हे तिला पाठ. वर दळण होईतो समोर उभी. गिरणीवाले मूठभर ठेवून घेतात, असं सगळ्याच बाया मागं बोलतात. ही तोंडावर रेघ दाखवायची. एकदा मी चिडले. म्हणाले, "जुलेखाबी, इतकी वर्षं दळण आणतीस, अजून माझ्यावर भरवसा न्हाई होय?"

"तुझ्यावर हाय," ती म्हणाली. "गिरणीवर न्हाई."



दिसायला म्हणाल तर बारीक चणीची. डोळ्यांवर जाड चष्मा, गळ्यात टेप, आणि बाहेर पडली की हातात गज. गज म्हणजे कापड मोजायची लाकडी पट्टी, तिच्या हाताच्या घामानं काळी झालेली. रस्त्यानं चालताना भिंतीच्या कडेनं चालायची, कुणी मागून येऊ नये म्हणून. हॉटेलात चहा प्यायची नाही, कारण बनवताना दिसत न्हाई. भाजीवालीनं हसून नमस्कार केला तर म्हणायची, "हसून राहिली, म्हणजे मेथी कालची हाय." नवरा लवकर गेला, एक मुलगी तिकडं हैदराबादला दिलेली. एक भाऊ होता म्हणत, तो जेलात होता म्हणत. कशापायी, मला कुणी धड सांगत नव्हतं, माझी गिरणी यायच्या आधीची गोष्ट ती, आणि तिला विचारायची हिंमत कुणात नव्हती. मी मात्र मनात ठेवून होते. ज्या घरात जेल आलेली असते त्या घराकडं माणूस जरा तिरकंच बघतो. मीबी बघितलं, खोटं कशाला बोलू?

शिवण शिकवता शिकवता ती पोरींना आणखी एक गोष्ट शिकवायची. या पोरी खेड्यांतून यायच्या, एसटीनं, काळ्यापिवळ्या जीपनं, दाटीवाटीत बसून. काय काय सोसून येत असतील ते बाईमाणसाला सांगायला नको. जुलेखाबी काज करायला लावायची आणि मशीनच्या आवाजात बोलायची.

"कुणी हात लावला तर 'वाचवा' म्हणून ओरडायचं न्हाई. 'वाचवा' म्हटलं की लोक तुमच्याकडं बघतात. शर्टाचा रंग ओरडायचा. 'निळा शर्ट, चौकडीचा, हात काढ.' की मग सगळी गाडी निळा शर्ट शोधती."

पोरी हसायच्या. ती हसायची नाही.

"हात धरायचा न्हाई, करंगळी धरायची. उलटी पिळायची. एकदाच. सोडला की पळायचं, सरळ ठाण्यात. जो आधी जातो तो फिर्यादी, मागून जातो तो आरोपी. त्यानं आधी जाऊन सांगितलं की तुम्ही मारलं, तर तुमची फिर्याद बदल्याची वाटती. आणि पळत्याच्या मागं जायचं न्हाई. तो पळाला, की तुमचा हक्क संपला. मागून मारलेलं डॉक्टरला कळतं. जखम बोलती."

"आपा, आणि कात्री मारली तर?" एका पोरीनं गमतीनं विचारलं होतं. मी दळणाचा डबा द्यायला गेले होते, म्हणून ऐकलं.

जुलेखाबीनं पायडल थांबवलं. "कात्रीला धार हाय. धार लागली की कलम बदलतं, जामीन बदलतो, माणसाची सगळी उमर बदलती. गज घे, चप्पल घे, डबा घे. कात्री न्हाई." आणि परत मशीन सुरू.

मला वाटायचं, बाई जरा जास्तच बोलती. पण स्टँडवरचा किस्सा झाला आणि मी गप्प बसले. तिच्याकडची एक पोरगी लातूरच्या गाडीच्या गर्दीत होती, आणि मागच्या एकानं नको ते केलं. पोरगी ओरडली, "पांढरा शर्ट." आता स्टँडवर पांढरे शर्ट काय कमी असतात? तो सटकला. पोरगी रडत दुकानात आली. जुलेखाबी म्हणाली, "रडणं मागून. आधी सांग, कॉलर कशी होती? खिसे किती होते? बटण?" तिनं विचारून विचारून त्या पोरीकडून सगळा शर्ट उसवून काढला. दोन खिसे, डाव्या खिशाला दुहेरी टीप, वरून तिसरं बटण वेगळं, काळ्या दोऱ्यानं लावलेलं. दोघी ठाण्यात गेल्या. जमादार म्हणाला, "बाई, तोंड सांगा, शर्ट काय सांगता?" ती म्हणाली, "साहेब, तोंड तो पुसून येईल. टीप कशी पुसल?" तिसऱ्या दिवशी त्याच शर्टात त्याच गाडीला उभा सापडला. तेव्हापासून जमादार तिला बघितलं की आधी स्वतःच्या खिशाकडं बघायचा.

असं सगळं होतं. म्हणून पुढं जे झालं ते मला पटेना.

वर्षा म्हणून पोरगी होती. जवळच्याच खेड्यातली, शेतकऱ्याची, बारावी झालेली. हात फार साफ. जुलेखाबी तिच्या टाक्याला नावं ठेवायची नाही, म्हणजे कौतुकच समजा. ती ज्या जीपनं यायची, तो जीपवाला तिच्याच गावचा. पहिल्यांदा पुढच्या सीटवर बस म्हणाला. मग भाडं नको म्हणाला. मग दुकानासमोर जीप लावून हॉर्न वाजवायला लागला. वर्षानं जीप सोडली, एसटीनं यायला लागली, तर हा एसटीच्या मागं. घरी सांगावं तर बाप म्हणणार, शिवण बंद, घरी बस. म्हणून पोरगी गप्प. जुलेखाबीनं एकदा त्याला खांबापाशी गाठून गज दाखवला होता, आणि तो हसून गेला होता.

उन्हाळ्याचे दिवस. दुपारचे तीन वाजले असतील. रस्त्यावर चिटपाखरू नाही. माझी गिरणी चालू, पट्ट्याचा आवाज, पिठाची धूळ. मला आधी आरडाओरडा ऐकू आलाच नाही. दिसलं ते एवढं, की जीपवाला वर्षाला मनगटाला धरून पायरीवरून ओढतोय आणि जुलेखाबी गज घेऊन मागं. तिनं गज त्याच्या हातावर मारला. पोरगी सुटली, आत पळाली. मग त्यानं गजच पकडला, जुलेखाबीला मागं मागं ढकलत खांबावर नेलं आणि तो गज दोन्ही हातांनी आडवा तिच्या गळ्यावर दाबला. तिचा चष्मा पडला. पाय हलत होते, एवढं मी बघितलं.

मी गिरणी बंद करायला वळले. पट्टा चालू सोडून येता येत नाही, हात जातो. बटण दाबून बाहेर येईपर्यंत खेळ संपला होता. तो उजव्या हाताचं मनगट धरून जीपकडं पळत होता, बोटांतून रक्त. ती खांबाला टेकून खोकत उभी. त्याच्या मागं एक पाऊल गेली नाही. तेवढ्यात समोरच्या माडीवरून कुणीतरी मोबाईल काढला. त्यात आलं ते काय? रक्ताळलेला माणूस पळतोय आणि मास्तरीण खांबापाशी उभी. गळा दाबलेला आला नाही. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सगळ्या तालुक्यानं बघितला.

मी तांब्या घेऊन गेले. दुकानात वर्षा नव्हती, मागचं दार उघडं. मी म्हणाले, "चल, ठाण्यात जाऊ. तूच म्हणतीस ना, आधी जायचं."

ती म्हणाली, "तू जा गिरणीवर. मी येते."

अर्ध्या तासानं परत डोकावले, तर ती टेबलाखाली बसली होती. चार कात्र्यांच्या दोऱ्या मळून काळ्या. पाचवी कात्री धुतलेली, ओली, आणि तिची दोरी पांढरीफेक, नवी. आणि ती त्या नव्या दोरीला मशीनचं तेल आणि खडूचा चुरा चोळत होती. चोळायची, बघायची, परत चोळायची. मला बघून हात थांबले. मी तशीच गिरणीवर परत फिरले.  

तेवढ्यात तो जीपवाला तालुक्याच्या दवाखान्यात गेला होता. तिथून ठाण्याला कळलं, त्याचा जबाब आधी झाला. म्हणाला, मी भाडं मागायला गेलो, बाईनं कात्री भोसकली. डॉक्टरांनी लिहिलं, धारदार हत्यारानं जखम, शीर तुटली. जी बाई सगळ्यांना आधी जायला सांगायची, ती ठाण्यात पोचली तेव्हा आरोपी होती. तिचीही फिर्याद घेतली, गळ्यावरचे वळ लिहून घेतले. दोन्हीकडून केस. इकडं त्याला क्रॉस केस म्हणतात.

पोलीस आले, कात्र्या बघितल्या, दोऱ्या मोजल्या. दोन हात. खांबापर्यंत पोचत नाहीत. तिनं जबाब दिला, "कात्री बांधलेली हाय साहेब. मी फकत गज चालवला. त्याला माझ्या पायरीचा पत्रा लागला असंल." मलाही विचारलं. मी बघितलं तेवढं सांगितलं, गळा दाबत होता. कात्री बघितली का? नाही. तेही खरंच. दोरीचं कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

तिथून माझ्या डोक्यात किडा शिरला. बाईनं दोरी का बदलली? म्हणजे कात्री आधीच सोडून ठेवली होती का? गज दाखवून तो जात नव्हता, म्हणून कात्री कमरेला लावून वाट बघत होती का? आणि वर्षा कुठं गेली? परत आलीच नाही. काही दिवसांत तिचं लग्न झालं, नांदेडकडं विष्णुपुरीला दिली म्हणे. भाऊ जेलात होता, आता बहीण. मी दळण देताना तिच्या हाताकडं बघायला लागले. तिनं सगळ्या गावावर शक घ्यायला शिकवलं आणि मी तिच्यावरच घेऊन बसले. ती खडूची रेघ ओढून डबा आणायची, आणि मी मनात म्हणायचे, बाई, खोटी तू आहेस.

तारखांवर तारखा. पाच-सहा वर्षं गेली त्यात. पोरी यायच्या बंद झाल्या. कोण आपली पोरगी आरोपीकडं पाठवतं? सहा मशिनींतल्या पाच पोत्याखाली झाकल्या. कात्र्या जप्तीतून परत आल्याच नाहीत. वकील म्हातारे होते, भले होते. पण ते आणि समोरचे वकील कोर्टाबाहेर एकाच टपरीवर चहा प्यायचे, एवढ्यावरून हिनं त्यांना विकले गेले ठरवलं. तरी त्यांच्या काळ्या कोटाचं फाटलेलं अस्तर मात्र हिनंच शिवून दिलं. म्हणाली, "शक वेगळा, अस्तर वेगळं."

एकदा मी तिच्याबरोबर वकिलांकडं गेले होते. वकील कपाळाला हात लावून बसले. "मावशी, ऐका. गळ्यावर बेतलं तर माणूस हाताला येईल ते चालवतो. कायदा तेवढी मुभा देतो. कात्री असो, विळा असो. पण आधी कबूल करावं लागतं, की हो, मारली, जीव वाचवायला मारली. तुम्ही म्हणता मारलीच नाही. मग मी कशाचा बचाव मांडू? पत्र्यानं अशी जखम होत नाही, हे जजसाहेबांना पहिल्या कागदात कळतं. खोटं पकडलं की मग गळ्याचंही खोटं वाटतं. आणि शिक्षा लागली तर या वयात वर्षं काढावी लागतील."

"कात्री म्हटलं की जेल," ती म्हणाली. "मला नका शिकवू वकीलसाब. मी बघितलंय."

परत येताना मला राहवलं नाही. गिरणीत बसवलं, पाणी दिलं, आणि विचारलं, "जुलेखाबी, ती दोरी नवी कशी काय?"

तिनं पेला खाली ठेवला. "बघितलीस तर तू."

"तेल लावताना बघितलं."

"पोलिसाला सांगितलं?"

"त्यांनी विचारलं न्हाई."

"मग माझ्याकडूनच शिकलीस," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला. मग बोलली.

भावाचं आधी बोलली. अन्वर. जवानीत हे दुकान त्याचंच. गल्लीत दोघांनी त्याला घेरलं, मारलं. त्यानं दुकानातली कात्री उचलली. इथवर त्याच्या बाजूनं होतं. पण ते पळाले, आणि हा कात्री घेऊन मागं पळाला. बाजारापर्यंत. एकाच्या पाठीत मारली. "पाठीत, मालन. गल्लीपर्यंतचं सगळं बचावात गेलं असतं. बाजारातलं गेलं न्हाई." तो सुटून आला तेव्हा तरुणपण गेलेलं. आता किनवटकडं, इस्लापूरला असतो, शेळ्या राखतो, कुणाशी बोलत नाही. "ज्या दिवशी त्याला धरून नेलं, त्या दिवशी मी कात्र्या बांधल्या. कुणाच्या हातात राग आला तर दोन हातांवर थांबावा म्हणून."

तीस वर्षं मी समजत होते, त्या दोऱ्या चोरांसाठी.

"आणि त्या दिवशी?" मी म्हणाले.

"त्या दिवशी माझे डोळे पांढरे झाले होते. आत वर्षानं एका कात्रीनं दुसरीची दोरी कापली, पळत आली आणि माझ्या हातात दिली. मी त्याच्या हातावर मारली. एकदा. गज सुटला, मी कात्री टाकली, पोरीनं उचलून आत नेली. बस्स." ती पदरानं चष्मा पुसत होती. "आता मी कात्री कबूल केली की साहेब विचारणार, बांधलेली कात्री खांबापर्यंत आली कशी? कुणी आणली? मग पोरगी केसमधी. आरोपी करतील की साक्षीदार, काय भरोसा? कोर्टात तिला विचारणार, तो तुझ्याच मागं का होता, तू आधी त्याच्या पुढच्या सीटवर बसत होतीस का. नवऱ्याच्या घरात काय ऱ्हाईल तिचं? मागच्या दारानं मीच काढून दिली तिला. म्हणूनच ठाण्यात जायला उशीर झाला."

मग माझा हात धरला. "तिला कळवायचं न्हाई. कसम हाय तुला."

मी मान हलवली. आणि पंधरा दिवसांनी भाचीच्या बाळाच्या बारशाला नांदेडला गेले होते, तिथून रिक्षा करून सरळ विष्णुपुरीला गेले. वर्षाला सगळं सांगितलं, तारीखही सांगितली. कसम मोडली. पुण्य केलं म्हणून सांगत नाही. मला वाटलं, जिच्यासाठी ही बाई जेलात जायला निघालीय तिला निदान माहीत तरी असावं. वर्षाच्या कडेवर पोरगी होती. ती एवढंच म्हणाली, "मला वाटलं, आपा सुटल्या असतील." तिचा नवरा दारात उभा राहून ऐकत होता. तोंडावरून काही कळलं नाही. परतीच्या गाडीत सगळा रस्ता मी मनात तेच घोळवत होते. आपण त्या पोरीचा संसार तर मोडून आलो नाही ना?

तारखेला जुलेखाबी पिंजऱ्यात उभी. सरकारी साक्षी झाल्या होत्या, माझीही. आता जजसाहेब आरोपीला विचारतात, तुम्हाला काही सांगायचंय का? वकिलांनी आदल्या दिवशी परत हात जोडले होते. ती म्हणायला लागली, "साहेब, माझ्या पायरीचा पत्रा..."

तेवढ्यात तिची नजर दाराकडं गेली. वर्षा उभी होती, पोरगी कडेवर. शेजारी नवरा, हातात पोरीची दुधाची बाटली.

जुलेखाबीनं आधी माझ्याकडं बघितलं. ती नजर मी अजून विसरले नाही. मग साहेबांकडं वळली.

"पत्रा न्हाई साहेब. कात्रीच मारली. गळा दाबत होता, डोळ्यापुढं अंधार आला, म्हणून मारली. एकदा मारली. दोरी मीच कापली होती."

"दोरी मी कापली," दारातून वर्षा म्हणाली.

"मधे कोण बोलतंय?" साहेबांनी वर बघितलं.

"कुणी न्हाई साहेब, ती येडी हाय, गिऱ्हाईक हाय माझं," जुलेखाबी म्हणाली. शिरस्तेदारसुद्धा हसला. साहेब हसले नाहीत, पण पेन खाली ठेवलं. वकिलांनी तिथंच अर्ज दिला, बचावाची साक्षीदार म्हणून वर्षाचं नाव. पुढच्या तारखेला तिची साक्ष झाली. जे विचारू नये ते सगळं तिला विचारलं. पुढच्या सीटवर बसत होतात का? "एकदा बसले. त्यानं सांगितलं म्हणून." मग? "मग जीप सोडली." मोबाईल नंबर दिला होता का? "न्हाई." एवढं शांत बोलली, जणू काज करून राहिलीय. नवरा बाहेर पोरीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होता. मी त्याच्यावरही शक घेतला होता. तो फुकट गेला.

जुलेखाबी निर्दोष सुटली. साहेबांनी निकालात लिहिलं म्हणे, की गळ्यावर दाब होता, वार एकच, तोही दाबणाऱ्या हाताच्या आतल्या अंगाला, आणि तो पळाल्यावर बाई जागची हलली नाही. म्हणजे तिचीच शिकवण तिच्या कामी आली. दोरी बदलली, कात्री धुतली, खोटा जबाब दिला, त्याबद्दल मात्र झापलं. वकील म्हणाले, "पहिल्या दिवशी खरं सांगितलं असतं तर इतकी वर्षं गेली नसती." ती म्हणाली, "पहिल्या दिवशी पोरगी एकोणीस वर्षांची होती."  मग वकील त्या टपरीवर चहा प्यायला चला म्हणाले. ती गेली, पण किटलीजवळ उभी राहून, बनवताना बघून प्याली.

माझ्याशी मात्र बोलणं बंद. कसम मोडलेली तिनं माफ केली नाही. दळण दुसऱ्या गिरणीवर जायला लागलं. समोरून जायची, भिंतीच्या कडेनं, पण माझ्याकडं मान वळवायची नाही. मी हाक मारायचे, ती गज झटकायची. असे चार-पाच महिने गेले.

हळूहळू पोरी परत यायला लागल्या. आधी एक, मग दोन. तिनं पोती काढली, मशिनींना तेल घातलं, नव्या पाच कात्र्या आणल्या. मी गिरणीतून बघत होते. मनात म्हटलं, आता काय बांधती, सोडूनच ठेवील.

दुपारची वेळ होती. पोरी यायच्या होत्या. ती टेबलाखाली बसली, चार कात्र्या पूर्वीसारख्या दोन-दोन हातांवर बांधल्या. पाचवीला दोरी मोजायला लागली, गजानं, एक गज, दोन गज, करत करत बरीच सोडली. मग ती कात्री हातात घेऊन उठली आणि दारातून बाहेर आली. दोरी मागून सरपटत पायरीवरून उतरली. माझं पीठ चाळायचं राहिलं. ती चालत चालत खांबापाशी गेली, खांबाला पाठ लावून उभी राहिली, हात लांब केला. पोचली. मग खांब ओलांडून एक पाऊल रस्त्यात टाकलं. दोरी अजून सैल होती.

ती थांबली. दोरीचा तो सैल भाग हातावर घेऊन बघितला. मागं फिरली, आत गेली, खाली बसली आणि दोनेक हात दोरी कापून टाकली. परत बांधली. परत खांबापर्यंत आली. हात लांब केला तेव्हा दोरी ताठ झाली. पाऊल पुढं टाकायला बघितलं, हिसका बसला. तेव्हा कुठं तिचं समाधान झालं.

मग वर बघितलं तर समोर मी.  आत गेली आणि थोड्या वेळानं एक पोरगी माझ्याकडं डबा घेऊन आली. ज्वारीचा. झाकण काढलं, आतल्या अंगाला निळी रेघ.

मी दळून ठेवलं, बरोबर रेघेपर्यंत. पीठ न्यायच्या आधीच, त्याच आठवड्यात तिला ताप भरला, हैदराबादची मुलगी येऊन तिला घेऊन गेली, आणि ती तिकडनं परत आली नाही. जाताना गाडीत बसली तेव्हा खिडकीतून मला म्हणाली, "डबा राहिलाय तुझ्याकडं. मोजून ठेव."